फाट्यावरच्या फांद्या

सोमवार, ७ सप्टेंबर

ऑरिन,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. तुझा मिशिगनचा पत्ता मी डेलमारच्या सायकलच्या दुकानातून मिळवला. दोन वर्षांपूर्वी तू त्याला विचारलं होतंस म्हणे, माझी जुनी सायकल विकली जाईल का म्हणून. मला विचारायचं होतंस. सायकल माझ्या शेडमध्ये खुंटीला टांगलेली आहे, आणि सख्ख्या भावाची सायकल परस्पर विकण्याइतकी तुझी बहीण अजून घसरलेली नाही.

कामाचं बोलते. शनिवार, १७ ऑक्टोबर. कोल्ड बिस्किटची अख्खी सायकलवाट, वरच्या गेटापासून खालच्या ओढ्यापर्यंत, बावीस मैल. तू आणि मी. पहाटे निघायचं, म्हणजे दहाच्या आत उघड्या खडकाचा भाग मागे पडतो. ऑक्टोबर झाला तरी अकरानंतर तो खडक माणूस भाजून काढतो, हे विसरला नसशील. पाणी प्रत्येकी पाच लिटर पाठीवर. शिवाय आदल्या दिवशी ट्रकने जाऊन पाइपलाइनच्या रस्त्याकडेच्या ज्युनिपरच्या झाडाखाली मी कॅन ठेवीन. तुझ्या सायकलचे टायर नवे टाकलेत, आत पंक्चर आपोआप बुजवणारा चीकही भरलाय, कारण यंदा सराटे इतके माजलेत की डेलमारचा धंदा त्यांच्यावरच चाललाय. तुझं पोट सुटलं असेल तर खोगीर खाली घेऊ.

हाच दिवस का, तेही सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळेल. त्या दुपारी आपल्या सायकल क्लबची मंडळी, जुनी आणि नवी वाट फुटते त्या फाट्यावर, पितळी पाटी बसवणार आहेत. मजकूर ठरलाय: ‘कोरीन हॅलस हिच्या स्मरणार्थ. पुढे असाल तर मागच्यासाठी थांबा.’ तुझी बायको, आणि पाटीवर तुझं नाव नाही. पण ती पाटी तुलाच लावलेली आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. गावाचं मत नऊ वर्षांत तसूभर हललेलं नाही: ऑरिन पुढे होता, फाट्यावर थांबला नाही, कोरीन त्याला शोधत बंद केलेल्या जुन्या वाटेत शिरली आणि कड्यावरून गेली.

भाषण मला करायचंय. नणंद होते आणि तिची मैत्रीणही होते, म्हणून मान माझा.

लोक यायच्या आधी आपण दोघं तिथून जाऊ. मला तुला काही सांगायचंही आहे, ते चाकांवर असताना सोपं जाईल. फाट्यावरची जुनी वाट मी दरवर्षी हिवाळ्याआधी फांद्या टाकून पुन्हा बंद करते. दरवर्षी कुणीतरी त्या बाजूला काढतं. वारा असेल.

ट्वायला

शनिवार, १९ सप्टेंबर

ऑरिन,

तुझं उत्तर नाही, म्हणजे नकारही नाही, असं मी धरून चालले आहे.

काल वरची अर्धी वाट पाहून आले. ऑगस्टच्या पुराने दुसऱ्या घळीतला उतार खाल्लाय, तिथे उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. त्यापुढचा वाळूचा पट्टा पूर्वीसारखाच आहे, तू शिव्या घालायचास तो. चार मैलांना पन्नास मिनिटं लागली. एकेकाळी मी तिथे तुला गाठायचे, आठवतं?

फाट्याचं लिहायचं की नाही, याचा रात्रभर विचार केला. लिहिते.

फांद्या काढलेल्या होत्या. पण वाऱ्याने उधळलेल्या नव्हत्या. वाटेच्या उजव्या हाताला रचून ठेवल्या होत्या, जाड खाली, बारीक वर, आपण सरपण रचतो तशा. त्यातले दोन बुंधे एवढे जड आहेत की मलाही ओढतच न्यावे लागतात, आणि ओढलं की माती खरवडली जाते. कडेच्या मातीवरची ती काळी खपली तुला माहीत आहे, तिच्यावरून सरडा गेला तरी दिसतो, चाक गेलं तर वीस वर्षं खूण राहते. त्या खपलीवर ओरखडा नव्हता. बुटाचा ठसा नव्हता. जुन्या वाटेच्या वाळूत फक्त एका सायकलच्या चाकाची रेघ होती, ताजी, कड्याकडे गेलेली. परतीची नव्हती.

मी कड्यापर्यंत जाऊन खाली पाहिलं नाही. फांद्या पुन्हा आडव्या टाकल्या आणि निघाले.

परत येताना मागून टिकटिक ऐकू आली. पायडल मारणं थांबवलं की फ्रीव्हील वाजते ना, तशी. मागून कुणीतरी आरामात चाक सोडून येतंय असं वाटलं. मी रिवाजाप्रमाणे पाय टेकला, कडेला झाले आणि ओरडले, “या, पुढे व्हा!” कुणी आलं नाही. आवाजही थांबला. मी निघाले तसा तोही निघाला. भर दुपार होती, ऑरिन, मागे मैलभर मोकळी वाट दिसत होती, आणि तिच्यावर काळं कुत्रं नव्हतं. वरच्या गेटापर्यंत तो माझ्या मागे होता. गेट उघडलं आणि सवयीने मागच्यासाठी धरून ठेवलं. किती वेळ धरलं ते आठवत नाही. हात दुखायला लागला तेव्हा सोडलं.

कोरीनच्या मागच्या चाकाचा आवाज तसाच कर्कश होता. तू चिडवायचास तिला, “बायको येतेय हे दोन मैलांवरून कळावं आणि नवऱ्याला सुधारायला वेळ मिळावा, म्हणून देवाने दिलेली सोय आहे ही.” ती म्हणायची, “दोन मैल पुरणार आहेत का तुला?”

मी भित्री नाही, तुला माहीत आहे. पण एकटीने त्या वाटेवर पुन्हा जायला मला नको वाटतं. तू ये.

पाण्याचे कॅन मी तिघांच्या हिशेबाने ठेवणार आहे. का ते विचारू नकोस.

ट्वायला

शुक्रवार, २ ऑक्टोबर

ऑरिन,

कार्ड मिळालं. पुढे निळं सरोवर, मागे एक ओळ: ‘त्या दिवशी फाट्यावर फांद्या होत्या का?’

नऊ वर्षांनी एक ओळ, आणि तीही अशी! कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, काही नाही. फांद्या होत्या की नाही हे शेरीफच्या कागदात लिहिलेलं आहे. फोटो आहेत. उचलायला आलेल्या आठही जणांनी त्या पाहिल्या. एकटा तूच म्हणत होतास की मी तिथे थांबलो तेव्हा वाट उघडी होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं की धक्क्याने माणसाला भलतंच आठवतं. पुढे तूही तेच म्हणायला लागलास. “माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही,” म्हणालास, सायकल माझ्या दारात टाकलीस आणि गेलास. मग आता परत का उकरतोस?

इथपर्यंत लिहून मी चार दिवस कागद बाजूला ठेवला होता. काल डेलमार आला होता, म्हणून पुढे लिहिते.

डेलमार आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, पण काठी घेत नाही. दारातूनच म्हणाला, “पाटी आली बरं का पोरी. अशी जड आहे, वर न्यायला खेचर लागेल.”

“खेचर कशाला?” मी म्हटलं. “तुम्ही आहात की.”

“जिभेला अजून धार आहे तुझ्या. भाषण झालं लिहून?”

“चाललंय.”

“आटोपशीर ठेव. लोकांचा जीव भाषणात नसतो, नंतरच्या चीज घातलेल्या बटाट्यांत असतो. आणि ऑरिनचं नाव नको काढूस. नाही थांबला बिचारा, चुकला, संपलं. मी तर पाटीवर जास्त काही लिहूच दिलं नाही.”

“फार उपकार केलेत.”

“अगं, चिडतेस काय? तू तर वाट बंद केली होतीस. तुझ्यावर कुणी बोट ठेवलंय का? उलट मी सगळ्यांना सांगतो, वाट बंद करावी तर ट्वायलाने.” मग त्याने मान वळवली. “शेडमध्ये कोण आहे गं?”

“कुणी नाही.”

“सायकलचं चाक फिरवतंय कुणीतरी.”

मला वाटत होतं तो आवाज माझ्या एकटीच्या डोक्यात आहे. गेले दोन आठवडे मी तशी स्वतःची समजूत घालत होते. आता तो डेलमारलाही ऐकू आला.

आम्ही गेलो. शेडचं दार बाहेरून कडी लावलेलं होतं. आत तुझी सायकल खुंटीला टांगलेली, आणि मागचं चाक फिरत होतं. सावकाश. तुझी फ्रीव्हील कधी वाजायची नाही, तू ती तेलात बुडवून ठेवायचास. ती वाजत होती. डेलमारने बोट लावून चाक थांबवलं. बराच वेळ त्याने बोट तसंच ठेवलं.

“वारा,” तो म्हणाला.

नेहमीसारखी जर्दाळूची पेस्ट्री त्याने मागितली नाही की तो बसला नाही. गाडीत बसता बसता म्हणाला, “ट्वायला, भाषणात जे सांगायचंय ते नीट विचार करून सांग हं.” त्याला काय कळलं असेल ते मला कळलेलं नाही.

आज सकाळी चाक पुन्हा फिरत होतं. मी थांबवलं नाही.

ट्वायला

रविवार, ११ ऑक्टोबर

ऑरिन,

नव्हत्या.

फांद्या नव्हत्या. तू तिथे थांबलास, तुला वाट उघडी दिसली, आणि ती उघडीच होती. तुझे डोळे ठीक आहेत. ते कधीच बिघडले नव्हते.

आता क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन.

त्या उन्हाळ्यात ढगफुटीने कड्याची कड खालून पोखरली, म्हणून क्लबने जुनी वाट बंद करायचं काम मला दिलं. नवी वाट तू आणि मीच खणली होती. गुरुवारी मी फांद्या टाकायला गेले. ऊन कडक होतं, गुडघा ठणकत होता. पहिलाच बुंधा हलेना. म्हटलं, रविवारी येऊ, दोन दिवसांत काय होणार आहे? येताना डेलमारच्या दुकानातल्या क्लबच्या वहीत लिहिलं, ‘कोल्ड बिस्किट, जुनी वाट बंद केली.’ शुक्रवारी जेवताना तुम्हा दोघांनाही तेच सांगितलं. कोरीनने मला आणखी बटाटे वाढले आणि म्हणाली, “दमली असशील गं, खा.”

शनिवारी मी ट्रक घेऊन खाली ओढ्यावर थांबले होते. तू पुढे होतास. फाट्यावर थांबलास. वाट उघडी पाहून तुला वाटलं असेल, ट्वायलाने फांद्या आत वळणाआड टाकल्या असतील. मागे कोरीन नजरेला पडली, तू हात वर केलास, तिने केला, आणि तू नव्या वाटेला लागलास. आपल्याकडे सगळे एवढंच थांबतात. रिवाज तू अक्षरशः पाळलास. ती नव्या वाटेवर कधी आलीच नव्हती. तिच्यासमोर दगडांच्या जुन्या खुणा होत्या, दहा वर्षांच्या सवयीची वाट होती, आणि तिच्यावर एक काटकी आडवी नव्हती. जिथे फांद्या नाहीत ती चालू वाट, हे आपण तिला शिकवलं होतं.

तू एकटाच ओढ्यावर आलास. आपण ट्रकने वर गेलो. कड्याखाली वीस फुटांवरच्या कपारीत ती पडलेली दिसली, शेजारी सायकल. तू म्हणालास, “मी फोन लागेल तिथवर पळतो, तू उतर तिच्याजवळ.” मी म्हटलं, “जा. मी उतरते.”

मी उतरले नाही.

तू ट्रक घेऊन वळणाआड गेलास आणि माझ्या मनात एकच आलं: लोक येतील, वाट उघडी दिसेल, वहीत माझी सही आहे. मी फांद्या ओढायला लागले. परवा न हललेला बुंधा त्या दिवशी हलला. सगळं टाकून झाल्यावर ज्युनिपरच्या एका डहाळीने ओढल्याच्या खुणा झाडून काढल्या, वर मूठमूठ वाळू भुरभुरवली. वाट अशी बुजवायची की ती कधी नव्हतीच असं वाटावं, हे माझं काम, आणि या काउंटीत ते माझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही. सगळं उरकल्यावर मी खाली उतरले, तेव्हा ती गेलेली होती. तुला सांगितलं, मी पोचले तेव्हाच गेली होती, काही सोसलं नाही तिने.

वर काम करत असताना खालून तिच्या चाकाची टिकटिक येत होती. वाऱ्याने फिरत असणार. तोच आवाज आता माझा पिच्छा सोडत नाही.

तू वेडा ठरलास, बायको गेली, गाव सुटलं, आणि मी दर नाताळला तिच्या आईकडे केक घेऊन जात राहिले. मला माझी किळस येते. हे मी तुला नऊ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. पाटी पितळेची नसती, कागदाची असती, तर कदाचित अजूनही लिहिलं नसतं. पण पितळ पुसता येत नाही, आणि ते खोटं तिच्या नावाखाली कायमचं बसवायला माझा हात जाणार नाही.

शनिवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. शेरीफलाही हेच सगळं लिहून पाठवलंय, नक्कल सोबत आहे. सायकल तयार आहे. पाणी ठेवीन. आलास तर माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही.

ट्वायला

रविवार, १८ ऑक्टोबर

ऑरिन,

तू आला नाहीस, ते बरं केलंस.

काल सकाळी मी पायीच वर गेले. सायकलवर बसवेना. फांद्या पुन्हा उजव्या हाताला रचलेल्या होत्या आणि वाट उघडी होती. ती मी या वेळी बंद केली नाही. लोकांनी यावं आणि उघडी वाट बघावी, जशी तू पाहिली होतीस, असं मला वाटलं.

चाळीसेक जण आले. पाटी कुणाच्या तरी टेबलक्लॉथखाली झाकलेली होती. मी भाषणाचा कागद काढलाच नाही. पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळी झाले. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. डेलमारने फक्त विचारलं, “म्हणजे तो थांबला होता?”

“थांबला होता.”

“हात केला होता?”

“दोघांनीही केला होता.”

तो दगडावर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, “आणि मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती.” मग रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. दोघांनी पाटी उचलून परत ट्रकमध्ये टाकली. बटाट्यांची भांडी न उघडताच लोक घरी गेले. कोरीनच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मंगळवारी शेरीफच्या कचेरीत बोलावलंय, जे होईल ते होईल.

उतरताना मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिले. वाटलं होतं, सांगून टाकलं म्हणजे कोरीन आता सोडेल मला. टिकटिक होतीच. पहिल्यापेक्षा जवळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून काहीतरी तुझ्यापासून लपवून ठेवलंय, आणि ते तिला माहीत आहे.

मग आज सकाळी तुझा फोन. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, आता हा शिव्या देईल, देऊ दे. तू दिल्या नाहीस. सावकाश म्हणालास, “ट्वायला, त्या दिवशी वारा नव्हता.” मग विचारलंस, “चाक किती वेळ फिरत होतं?”

मी फोन ठेवून दिला. तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. चाक फिरायचं, थांबायचं, आणि पुन्हा फिरायचं. दुसऱ्या वेळीच मला कळलं होतं की ती जिवंत आहे. तिला ओरडता येत नव्हतं, म्हणून हाताने चाक फिरवून ती मला बोलवत होती. मी वरून ओरडून म्हटलं, “आले गं कोरीन, आले.” तिला ऐकू गेलं असणार, कारण चाक जोरात फिरलं. आणि मी पुढची फांदी उचलली.

एकूण चौदा फांद्या होत्या. अकरावी टाकेपर्यंत चाक फिरत होतं.